मामाच्या गाडीचं ॲव्हरेज

दिनानाथ घरतला फसवणं सोपं होतं. त्याच्या मनासारखं काहीतरी बोलायचं आणि गप्प बसायचं. पुढचं सगळं तो स्वतःच करून घ्यायचा. गाडीच्या शोरूममध्येही तेच झालं. तिथल्या मुलीने बिचारीने सगळ्यांत स्वस्त मॉडेलपासून सुरुवात केली, तर याने तिला हातानेच थांबवलं आणि विचारलं, "सगल्यात वरचा कुठला?"

सगळ्यांत वरच्या मॉडेलला काचेचं सरकतं छप्पर होतं, मोठाली चकचकीत चाकं होती आणि बसल्या जागी खालून गार हवा देणारी सीट होती. गाडी हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही एकाच पोटात. कधी हे चालणार, कधी ती, आणि कुणी कधी चालायचं ते गाडी आपलं आपण ठरवणार. हे काही दिनानाथला फारसं पटलं नाही. पोयनाडला त्याच्या आवारात सहा ट्रक उभे असत आणि त्यांतल्या एकानेही आजवर स्वतःहून काही ठरवलं नव्हतं. पण त्याने बटण दाबून छप्पर सरकवलं, वर आभाळ दिसलं, आणि गाडी तिथल्या तिथे पक्की झाली.

आभाळाचं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही. ते कारण म्हणजे त्याची भाची, मृणाली. बहीण नेत्रा दिली होती नागावला. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. त्यामुळे पोरीला जत्रेला नेणं, शाळेच्या सुट्टीत आजोळी आणणं, परत सोडणं, ही सगळी कामं मोठ्या मामाकडे. तेव्हा दिनानाथकडे एकच ट्रक होता आणि तो स्वतः चालवायचा. क्लीनरच्या सीटवर उभी राहून मृणाली खिडकीतून डोकं बाहेर काढायची, तोंडात वारा भरून घ्यायची आणि ओरडायची, "मामा, हॉर्न दे." रस्त्यात कोंबडं नसलं तरी मामा हॉर्न द्यायचा.

आता तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बोर्ली पंचतनचा, तिथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवणारा. लग्न मे महिन्यात, त्यांच्या गावी. आणि घरतांच्या घरात नवरी मामाच्या गाडीत बसून लग्नाला निघते, ही रीत अगदी पक्की. नेत्रा स्वतः तिच्या मामाच्या टेम्पोतून गेली होती, आणि आदल्या दिवशीच त्यातून कलिंगडं गेल्यामुळे शालूला शेवटपर्यंत कलिंगडाचा वास येत होता. दिनानाथने तेव्हाच मनाशी ठरवलेलं, आपली भाची अशी जाणार नाही. वरून आभाळ दिसेल अशा गाडीतून जाईल.

मृणालीला तसे दोन मामा. धाकटा विपुल म्हणजे घरातलं शेंडेफळ, दिनानाथपेक्षा चौदा वर्षांनी लहान. नागावला बहिणीच्या शेजारीच नारळीच्या वाडीत त्याने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. पण मोठा मामा असताना धाकट्याच्या गाडीचा प्रश्नच येत नव्हता. मान दिनानाथचा होता, तो कुणी मागत नव्हतं, आणि शहाण्या माणसाने तो गुपचूप घेतला असता.

दिनानाथने गाडी घेतल्यावर दीड महिन्याने विपुलनेही गाडी घेतली. तीच कंपनी, तीच हायब्रिड, रंगसुद्धा तोच पांढरा. फक्त सगळ्यांत खालचं मॉडेल. साधं पत्र्याचं छप्पर, लहान चाकं, चाकांवर प्लास्टिकच्या टोप्या. दिनानाथने भोवती एक फेरी मारली, एका टोपीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "बरी हाय." ते 'बरी' ऐकून विपुल नुसता हसला.

त्यानंतरच्या रविवारी नेत्राकडे सगळे जेवायला जमले होते. पानात सुरमई होती आणि बोलणं हळदीच्या मांडवाचं चाललं होतं. विपुलने सहज विचारलं, "दादा, तुझी किती ॲव्हरेज देते?"

"पंचवीस," दिनानाथ म्हणाला. गाडी वीस देत होती. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, गोदूने, घास हातातच ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"पंचवीस?" विपुल म्हणाला. "कसं काय? माझी चोवीस देते. तुझी कमी द्यायला पाहिजे."

"का म्हणून?"

"अरे, तुझी चाकं मोठी, टायर रुंद, वरती काचेचं वजन. कंपनीच्या कागदावर दोन्ही मॉडेलांचा आकडा एकच आहे, पण रस्त्यावर तसं होत नाही. गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळे तेच लिहितात. खालचं मॉडेलच जास्त देतं."

विपुलच्या बोलण्यात खोच अजिबात नव्हती. पण दिनानाथला ती लागली. "म्हंजे कमी पैशाची गाडी जास्त चालते? मग कंपनी काय येडी हाय, वरचा मॉडेल बनवायला?"

"वरचं मॉडेल थाटासाठी असतं, दादा."

हे तर फारच झालं. दिनानाथने हात धुतला, पंच्याला पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग लावू पैज. ज्याची गाडी जास्त देल, तिच्यात मृणाली बसल."

नेत्राने पदर तोंडाला लावला. विपुल गडबडून म्हणाला, "दादा, तो मान तुझाच आहे रे. त्यात गाडीचं ॲव्हरेज कशाला आणतोस?"

"घाबरलास?"

मृणाली भाताचं पातेलं घेऊन मागे उभी होती. "मी कलिंगड आहे का, मामा?" ती म्हणाली. सगळे हसले, नेत्रा सर्वांत जास्त हसली, आणि त्या हसण्यात पैज मागे घ्यायची वेळ निघून गेली. घरी परतताना गोदू एवढंच म्हणाली, "मान हातातला व्हता, ता तुमी पानातून उठून दुसऱ्याला वाढला." ते दिनानाथलाही कळत होतं.

पुढच्या आठवड्यात बोर्लीला लग्नाचा हॉल बघायला जायचं होतं. तिथेच निकाल लावायचा ठरलं. नागावजवळच्या पंपावर दोघांच्या टाक्या काठोकाठ भरल्या. जाऊन यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायच्या. ज्याच्या टाकीत कमी मावेल तो जिंकला. ही ट्रकवाल्यांची जुनी पद्धत, आणि तिच्यावर दिनानाथचा गाडीतल्या पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा जास्त विश्वास. वजन सारखं व्हावं म्हणून प्रत्येक गाडीत तिघं. विपुलकडे नेत्रा आणि मृणाली. दिनानाथकडे गोदू आणि त्याची आई सखुबाई, जी त्या गार सीटवर एकदा बसल्यापासून दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसायला तयार नव्हती.

रेवदंड्याचा पूल, काशीदचा चढ, मुरूड. दिनानाथने गाडी अशी चालवली की सीटवर ठेवलेला नारळसुद्धा हलला नसता. आगरदांड्याला पोचले तर फेरीबोट नुकतीच सुटून पलीकडे दिघीकडे निघालेली. ती येईपर्यंत रांगेत थांबणं आलं. एप्रिलचं ऊन होतं. विपुलने गाडी बंद केली आणि सगळे उतरून झाडाखाली गेले.

दिनानाथही उतरणार, एवढ्यात सखुबाई म्हणाली, "गार हवा बंद नको करू रं. मना बरा वाटतंय."

"न्हाय करत. ती बॅटरीवर चालते. फुकट हाय," दिनानाथ म्हणाला. त्याने कान देऊन ऐकलं. इंजिनचा आवाज नव्हता. तीस वर्षं ज्याने इंजिन कानांनी ओळखलं, त्याच्या दृष्टीने आवाज नाही म्हणजे गाडी बंद. आईला आत ठेवून तो शहाळं प्यायला गेला आणि आपल्या हुशारीवर खूश झाला. विपुलची आई उन्हात असती तर तिचंही तोंड सुकलं असतं, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग दोघांची आई एकच असल्याचं त्याला आठवलं.

फेरीबोटीवर गाड्या लागल्या. बोटीवरचा माणूस काचेशी येऊन म्हणाला, "शेट, गाडी बंद करा."

"बंदच हाय," दिनानाथ म्हणाला, आणि त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. बोटीचं डिझेल इंजिन असं धडधडत होतं की शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडावं लागत होतं.

हॉल पसंत पडला. मुलाकडच्यांनी आग्रह करकरून जेवू घातलं. परत येताना पुन्हा फेरीबोट, पुन्हा रांग, पुन्हा सखुबाईची गार हवा. संध्याकाळी पंपावर आधी विपुलची टाकी भरली, मग दिनानाथची. दिनानाथच्या टाकीत पेट्रोल जात राहिलं, जात राहिलं. नोझल थांबलं तेव्हा तो म्हणाला, "परत बघ, हवा असल." हवा नव्हती. हिशेब केला तर विपुलची गाडी तेवीसच्या वर गेली होती आणि दिनानाथची सतरावर आली होती.

"सतरा?" विपुलही चक्रावला. "दादा, सतरा नाही देणार ती. काहीतरी वेगळं झालंय. फेरीवर चालू होती का?"

"बंद व्हती. विचार आयला."

सखुबाई काच खाली करून म्हणाली, "मधी मधी घुरघुर करीत व्हती रं. पुन्ना बंद व्हायची, पुन्ना करायची. मना वाटला, गार हवेचाच आवाज हाय."

म्हणजे बॅटरी उतरली की इंजिन आपलं आपण सुरू होऊन ती भरत होतं, आणि फुकटची गार हवा जाता-येता पेट्रोल पीत होती. रांगेतही आणि बोटीवरही. मृणालीने ओठ आत घेतले होते. दिनानाथने ते पाहिलं आणि त्याचा पारा चढला.

"हे चालायचं न्हाय," तो म्हणाला. "चाकं जिथं फिरत न्हाईत, तिथलं धरायचं न्हाय. पैज रस्त्याची हाय. पाणी धरायचं न्हाय."

"बरं. पाणी नाही धरायचं," विपुल म्हणाला. "जेट्टीपर्यंतच जाऊन परत येऊ."

"आनि गाड्या बदलायच्या. तू गाडी चालवतोस का ढकलतोस? सायकलवाला पुढं जातो तुज्या. त्या तुज्या वेगात माजी गाडीपन तेवडीच देल. मी तुजी चालवतो. मग कलल, गाडी कंची आनि पाय कुनाचा."

विपुल कबूल झाला. ही युक्ती दिनानाथला रात्रभर फार आवडली, कारण तिच्यात एक भाग असा होता जो त्याने कुणाला सांगितला नव्हता. विपुलची गाडी त्याच्या ताब्यात येणार होती. ती जितकं जास्त पेट्रोल पिईल तितकं त्याचं भलं. दाबायचं आणि ब्रेक मारायचा, दाबायचं आणि ब्रेक मारायचा. मान आपलाच होता, तो आपल्याकडे परत आणायला थोडं वाकडं वागलं तर देव रागावणार नाही, असं त्याने स्वतःला समजावलं.

सकाळी तो विपुलच्या गाडीत बसला, तर शेजारच्या सीटवर मृणाली येऊन बसली. "मी साक्षीदार," ती म्हणाली. गार हवेचा विषयच नव्हता. दोन्ही गाड्यांचे एसी बंद ठेवायचं ठरलं होतं. तिने काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं.

चौल मागे टाकल्यावर सरळ रस्ता लागला. दिनानाथने ठरवल्याप्रमाणे पाय दाबला. इंजिन कळवळून ओरडलं, गाडी उसळली. जणू कुणी आपल्या हातानेच डबा उपडा करून पेट्रोल डांबरावर ओततंय. त्याचा पाय त्याला न विचारता वर आला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तीस वर्षं तो पाय एकच काम शिकला होता: लांबून सिग्नल बघायचा, उताराला गाडी मोकळी सोडायची, ब्रेक लागणारच नाही असं चालायचं. डिझेल उधळणाऱ्या ड्रायव्हरला त्याने आवारात सगळ्यांदेखत झापलेलं होतं. आता त्याला स्वतःला उधळायचं होतं आणि पाय ऐकत नव्हता.

"काय झालं, मामा?"

"काय न्हाय. पायात गोला आला."

काशीदच्या उतारावर पडद्यावर हिरवं अक्षर लागलं, म्हणजे इंजिन झोपलं आणि नुसती मोटर चालली. दिनानाथने नकळत पाय अजून हलका केला. हिरवं टिकलं. पुढच्या वळणावर ते जातं की काय असं वाटलं, तर त्याने आधीच वेग सोडला, आणि ते टिकलं. खाली समुद्र आला, सुरूची झाडं आली, आणि हिरवं तसंच. दिनानाथ पुढे सरकून बसला. "बग, बग, अजून न्हाय लागला इंजिन," तो म्हणाला. मृणाली पण पडद्याकडे बघत राहिली. मुरूड येईपर्यंत तो पैज पार विसरला होता. त्याला फक्त ते हिरवं विझू द्यायचं नव्हतं. एवढी मजा त्याला स्वतःच्या गाडीत एकदाही आली नव्हती.

आगरदांड्याच्या जेट्टीवरून गाड्या वळवल्या आणि आले तसे परत निघाले. पंपावर विपुलच्या गाडीत, जी दिनानाथने चालवली होती, इतकं थोडं पेट्रोल मावलं की पंपावरच्या माणसाने विचारलं, "सकाळीच भरलीत का?" सत्तावीसला टेकली होती. कंपनीच्या कागदावरचा आकडा, जो कुणाला कधी मिळत नाही, तो मिळाला होता. दिनानाथने मृणालीच्या पाठीवर थाप मारली. "बगितला? पाय म्हंत्यात ह्याला."

मग त्याच्या स्वतःच्या गाडीची टाकी भरली. विपुलने सायकलच्या वेगात चालवून ती बावीसवर आणली होती.

दिनानाथचा दुसऱ्या थापेला उचललेला हात हवेतच राहिला. आपण कुणाच्या गाडीत सत्तावीस काढले, हे त्याला तेव्हा कळलं.

तो आपल्या गाडीभोवती हळूहळू फिरला. मोठं चाक, रुंद टायर. उकिडवं बसून त्याने टायरची रुंदी वितीने मोजली, मग विपुलच्या चाकाची मोजली. ट्रकला रुंद टायर घालून मागणाऱ्या ड्रायव्हरला तो नेहमी सांगायचा, रस्त्याला जेवढं जास्त चिकटशील तेवढं तो ओढून घेईल. वर बिनकामाचं वजन लादशील तर ते पण तूच ओढशील. सगळं त्याला पाठ होतं. फक्त गाडी स्वतःची असली आणि वरच्या किमतीची असली की ते लागू होत नाही, असं त्याने का धरलं होतं, ते त्याला सांगता आलं नसतं.

"दादा, सोड ना आता," विपुल म्हणाला. "ती तुझ्याच गाडीत बसेल. मला काय करायचंय?"

"न्हाय. शब्द म्हंजे शब्द. तुज्या गाडीत बसल."

"अरे पण..."

"विपुल, नको बोलूस."

विपुलला मनापासून वाईट वाटत होतं, आणि जिंकून असं वाईट वाटायला लावणारा भाऊ फक्त दिनानाथच असू शकतो, हेही त्याला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी दिनानाथ आवारात गाडीत बसून राहिला. छप्पर उघडं होतं. गोदू चहा घेऊन आली आणि पलीकडच्या सीटवर बसली. ती काही विचारेना, तेव्हा त्यानेच सांगितलं. ट्रकची खिडकी, वारा, हॉर्न. या छपरातून पोरगी एकदा डोकं बाहेर काढेल, एवढ्यासाठी ही गाडी घेतली. "आता ती तिच्या घरी जाल, आनि मी मागून धूल खात जाईन," तो म्हणाला. डोळे भरून आले तसे त्याने वर आभाळाकडे पाहिलं. गोदूने त्याच्या हातातला कप काढून घेतला, कारण चहा सांडायला आला होता. तिने समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी ती नागावला गेली, हळदीच्या साड्यांचं काम होतं म्हणून.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दुपारी निघालं. विपुलची लहान चाकांची गाडी झेंडूच्या माळांनी झाकून गेली होती. मृणाली हिरव्या शालूत मागे बसली, एका बाजूला नेत्रा, दुसऱ्या बाजूला आत्या. तिचे वडील जहाजावरून सुट्टी घेऊन आले होते, ते पुढे. सखुबाई मात्र हट्टाने दिनानाथच्या गाडीतच बसली. "मी काय पैज न्हाय लावली," ती म्हणाली.

दिनानाथ नवरीच्या गाडीमागे चालत राहिला. विपुल नेहमीसारखा हळू जात होता, आणि आज दिनानाथला त्याचा राग आला नाही. रेवदंड्याच्या पुलावर पुढच्या गाडीच्या काचेतून मृणालीचा गजरा दिसत होता. जेवढा वेळ लागेल तेवढा बरा, असं त्याला वाटलं. गोदू खिडकीबाहेर बघत होती आणि कशाने तरी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्याने एकदा विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाय, वारा बरा हाय."

फेरीबोटीवर वऱ्हाडाच्या गाड्या दाटीने लागल्या. विपुलची गाडी आणि दिनानाथची गाडी शेजारी शेजारी आल्या, दारं जेमतेम उघडतील एवढं अंतर. बोट सुटली. आगरदांड्याचा धक्का मागे सरकू लागला आणि खाडीचं पाणी दोन्ही बाजूंनी मोकळं झालं.

विपुलच्या गाडीचं मागचं दार उघडलं. आधी नेत्रा उतरली, मग शालू सावरत मृणाली. तिने चपला काढून हातात घेतल्या.

"अगो, कुटं चाललीस?" आत्या आतून म्हणाली. "नवरी वाटंत गाडी बदलत न्हाय."

"वाट कुठाय, आत्या? हे तर पाणी आहे," मृणाली म्हणाली, आणि दिनानाथच्या काचेवर तिने बोटाने टकटक केली. "मामा, दार उघड. पैज रस्त्याची होती. चाकं फिरत नाहीत तिथलं धरायचं नाही, तूच म्हणालास."

पलीकडून विपुल स्टिअरिंगवर हात ठेवून ओरडला, "बरोबर आहे, दादा. पाणी धरायचं नाही." आणि गोदू पुढच्या सीटवरून आधीच उतरली होती, जागा करून द्यायला. ती नागावला साड्यांसाठी गेली नव्हती, हे दिनानाथला तेव्हा उमगलं.

आत्या अजून काही बोलणार होती, पण सखुबाईने मागून तिला गप्प केलं. "तिच्या आयशीच्या शालूला कलिंगडाचा वास व्हता. संसार झालाच ना नीट? बस गो पोरी."

मृणाली आत बसली. दिनानाथने बटण दाबलं आणि काचेचं छप्पर सरकत मागे गेलं. ती सीटवर अनवाणी उभी राहिली, आणि गजरा, पदर, सगळं घेऊन वर निघाली. खाडीवरचा वारा तिच्या तोंडात भरला असावा, कारण आधी ती काहीतरी ओरडली ते कुणालाच कळलं नाही. बोटीवरचं सगळं वऱ्हाड माना वर करून बघत होतं. आत्यासुद्धा.

मग ती खाली वाकली आणि म्हणाली, "मामा, हॉर्न दे."

दिनानाथने हॉर्न दिला. ट्रकच्या मानाने अगदीच किरकोळ आवाज. एवढ्या महागाच्या गाडीला असला हॉर्न, असं दुसऱ्या कुठल्या दिवशी तो म्हणाला असता. त्याने पुन्हा दिला. बोट चालवणाऱ्याने वरून बघितलं, नवरी छपरातून बाहेर आलेली दिसली, आणि त्याने आपला भोंगा वाजवून उत्तर दिलं. मृणाली दोन्ही हात वर करून हसत होती. दिनानाथला तिचे फक्त पाय दिसत होते, मेंदी काढलेले, सीटवर घट्ट रोवलेले. ट्रकमध्ये ती अशीच उभी राहायची तेव्हा तो एका हाताने तिचा घोटा धरून ठेवायचा. त्याने तसाच धरला.

त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

बोटीवरचा तो माणूस गाड्यांमधून वाट काढत आला. काचेशी वाकला. "शेट, गाडी बंद करा."

"बंदच हाय," दिनानाथ म्हणाला.

माणसाने एकदा वर बघितलं, एकदा दिनानाथच्या तोंडाकडे, आणि पुढच्या गाडीकडे गेला. मागे सखुबाई गार हवेत डोळे मिटून बसली होती. खाली इंजिन घुरघुर करत लागलं होतं. या वेळी दिनानाथला ते अगदी स्पष्ट ऐकू येत होतं, आणि दिघीचा धक्का येईपर्यंत त्याने ते चालू दिलं.